चर्चच्या दारावरचा न्याय कसा वाचायचा

फ्रान्सच्या बर्गंडी भागात ओतं नावाचं गाव आहे. तिथल्या, ख्रिस्ताने मेलेल्यांतून उठवलेल्या संत लाजराच्या कॅथेड्रलच्या मुख्य दारावर, चौकटीच्या वर आणि कमानीच्या खाली, सुमारे साडेसहा मीटर रुंदीचा अर्धगोल दगडी पट आहे. साधारण ११३० ते ११४५ च्या दरम्यान कोरलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात नुसती गर्दी दिसते. लांबच लांब अंगाचे देवदूत, दात विचकणारी भुतं आणि खाली रांगेत उघडीवाघडी छोटी माणसं. ही गर्दी उलगडायला ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास लागत नाही. कोणाला कुठे बसवलंय हे आधी बघायचं, हातात काय धरलंय ते नंतर. बऱ्याच पर्यटन पुस्तिका याच्या उलट जातात. किल्ली दिसली की संत पेत्र, चाक दिसलं की संत कॅथरिन. मग बाराव्या शतकातल्या दारापुढे वाचक अडकतो, कारण तिथे निम्म्या लोकांच्या हातात नुसतं पुस्तक असतं, किंवा तेही नसतं.

आधी दाराचे भाग. मध्ययुगीन चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते, म्हणून मुख्य दार पश्चिमेला. ती मावळतीची बाजू, त्यामुळे जगाच्या शेवटी होणाऱ्या न्यायाचा प्रसंग पुष्कळदा याच दारावर येतो. वरच्या अर्धगोलाला टिंपॅनम म्हणतात. त्याखाली आडवी लिंटेल. दार रुंद असेल तर लिंटेल मध्येच मोडू नये म्हणून मधोमध एक खांब देतात, त्याचं नाव त्रुमो. दोन्ही बाजूंना आत आत सरकत जाणाऱ्या शाखा, आणि त्यांच्यावरून टिंपॅनमला वळसा घालणाऱ्या एकाच्या आत एक कमानी. आपल्याकडच्या देवळांच्या द्वारशाखा आणि ललाटबिंब ज्यांनी पाहिलंय त्यांना ही मांडणी परकी वाटू नये. ललाटबिंबावर बहुधा एकटी देवता असते, इथे अख्खा प्रसंग असतो, एवढा फरक.

या भागांचा मान ठरलेला आहे. टिंपॅनम म्हणजे स्वर्ग, तिथे ख्रिस्त किंवा मरीया. कमानींत देवदूत, संदेष्टे, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, म्हणजे प्रकटीकरणातले, चोवीस वडील (देवाच्या सिंहासनाभोवती बसलेले वृद्ध). शाखांवर साक्षीदार उभे: जुन्या करारातले (बायबलच्या ख्रिस्तापूर्वीच्या भागातले) राजे आणि संदेष्टे, प्रेषित म्हणजे ख्रिस्ताचे मुख्य शिष्य, त्या गावचे संत. अगदी खाली, जोत्याजवळ, माणसाचं रोजचं जग: बारा महिन्यांची कामं, सद्गुण आणि दुर्गुण. प्रत्येक दार हा नियम काटेकोर पाळतं असं नाही, पण पहिला अंदाज यावरूनच बांधायचा.

उजवं कुणाचं?

पहिली चूक इथेच होते. उजवी बाजू म्हणजे ख्रिस्ताची उजवी. पाहणाऱ्याची ती डावी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (ख्रिस्तचरित्राच्या) पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे वेगळी केली जातील असं म्हटलंय, आणि सगळी न्यायदारं या एका ओळीवर उभी आहेत. दारासमोर उभं राहिलं की तरलेले आपल्या डाव्या हाताला, बुडालेले उजव्या हाताला. एवढं पक्कं केलं की ओतंचा पट निम्मा वाचून झाला.

मधोमध बदामाच्या आकाराच्या तेजोवलयात ख्रिस्त बसलाय. या वलयाला मंडोर्ला म्हणतात. चार देवदूतांनी ते धरलंय. ख्रिस्त बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट मोठा, कारण इथे आकार म्हणजे अंतर नव्हे, अधिकार. त्याच्या खालोखाल प्रेषित आणि देवदूत, आणि मेलेली माणसं सगळ्यांत लहान. ही प्रमाणं शिल्पकाराला जमली नाहीत असं समजणारे लोक अजून भेटतात. दोन्ही हात समान पसरलेले, चेहरा समोर, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या एकसारख्या रेघांच्या. तो कुणाकडेच बघत नाही. निकाल लागलाय, फक्त अंमलबजावणी चाललीय.

आता लिंटेल. थडग्यांतून उठलेली माणसं एका रांगेत आहेत आणि बरोबर मध्ये, ख्रिस्ताच्या पायाखाली, तलवार उगारलेला देवदूत त्यांची वाटणी करतोय. आपल्या डावीकडच्यांच्या माना वर आहेत. त्यांत दोन यात्रेकरूही आहेत. अंगावर बाकी काही नाही, पण खांद्याच्या झोळ्या राहिल्यात. एका झोळीवर शिंपला, म्हणजे हा स्पेनमधल्या सांतियागोला जाऊन आलेला. दुसरीवर क्रूस, म्हणजे हा जेरुसलेमचा. ओतंलाही लाजराच्या अवशेषांसाठी यात्रेकरू येत असत, त्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपली झोळी वर दिसत होती. आपल्या उजवीकडच्यांची अंगं मात्र आक्रसलेली. कुणाच्या गळ्यात पैशांची पिशवी लटकतेय, तो कंजूष. एका बाईच्या स्तनांना साप डसलेत. ही वासनेची ठरीव खूण आहे, फ्रान्सभर भेटते. आणि एका माणसाचं डोकं वरून आलेल्या दोन प्रचंड हातांनी चिमटीत पकडावं तसं धरलंय. हातांचा धनी दिसत नाही. पूर्ण राक्षस दाखवला असता तर इतकी भीती वाटली नसती.

त्याच बाजूला वर तराजू आहे. एका पारड्याला देवदूत मीखाएल हात लावून आहे, दुसऱ्याला भूत लोंबकळतंय. मीखाएलच्या झग्याच्या घोळात दोन जीव लपलेत. या तराजूला बायबलमध्ये थेट आधार नाही. मेलेल्याचं काळीज तोलण्याची कल्पना प्राचीन इजिप्तमध्ये होती, आणि ख्रिस्ती शिल्पात ती रुजल्यावर शिल्पकारांनी तिच्यात भुताची लबाडी आवर्जून घातली.

ख्रिस्ताच्या पायाशी लॅटिनमध्ये ‘गिस्लेबेर्तुसने हे केलं’ असं कोरलंय. हा शिल्पकार की काम करवून घेणारा धनिक, यावर अभ्यासकांत वाद आहे. बहुतेक जण शिल्पकार मानतात.

ओळखीच्या खुणा, आणि त्या कधी लागू होतात

काही खुणा जवळजवळ सगळ्या काळात चालतात. प्रभावळीत क्रूस असेल तर तो ख्रिस्त (किंवा पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्यातली कुणीही व्यक्ती). साधी प्रभावळ म्हणजे संत किंवा देवदूत. ढगातून नुसता हात आला की तो देव पिता, त्याला पूर्ण रूपात या काळात क्वचितच दाखवतात. तेराव्या शतकात आणखी एक बारीक खूण पक्की झाली. ख्रिस्त, देवदूत आणि प्रेषित अनवाणी, मरीया आणि बाकीचे संत पादत्राणांसह. हातपाय तुटलेल्या पुतळ्याचं एक पाऊल उरलं असेल तरी हिचा उपयोग होतो.

ख्रिस्ताभोवती चार पंखधारी जीव असतील तर ते चार शुभवर्तमानकार: माणूस म्हणजे मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. मूळ दृष्टांत यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतला. म्वासाकच्या मठाचं दार (१११५ ते ११३० च्या आसपास) यासाठी पाहावं. तिथे चोवीस वडील हातांत पेला आणि तंतुवाद्य घेऊन माना वाकड्या करून ख्रिस्ताकडे बघताहेत. हा न्याय नव्हे, दर्शन आहे. तराजू नाही, थडगी नाहीत, वाटणी नाही. दोन्हींत ख्रिस्त मध्ये बसलेला असल्याने लोक सरसकट ‘न्याय’ म्हणून मोकळे होतात.

संतांच्या हातातल्या वस्तूंचं मात्र जपून. पेत्राची किल्ली जुनी आहे. पण पौलाची तलवार, बर्थलमयाची सुरी, थोमाचा गुण्या, अंद्रियाचा फुलीसारखा क्रूस या खुणा तेराव्या शतकापासून हळूहळू ठरत गेल्या. १११० सालच्या दारावर बारा प्रेषित उभे असतील तर पेत्र सोडून बाकीच्यांना नावं देण्याचा हट्ट सोडावा. पौल चेहऱ्यावरून ओळखता येतो: टक्कल, लांब टोकदार दाढी. पेत्राची दाढी आखूड आणि कुरळी. बाकी संतांच्या हातातली वस्तू म्हणजे बहुधा त्यांच्या छळाचं किंवा मरणाचं साधन. लॉरेन्सला जिच्यावर भाजलं ती लोखंडी जाळी, कॅथरिनचं मोडकं चाक. हीच भाषा पुढे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. गोव्यातली चर्चेस मध्ययुगीन नव्हेत, पण जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल कॅथरिनलाच वाहिलेलं आहे, कारण २५ नोव्हेंबर १५१० हा गोवा घेतल्याचा दिवस तिच्या सणाचा होता. तिथल्या मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग आहेत.

शाखांवरच्या पुतळ्यांची खूण हातात सापडली नाही तर पायाखाली बघा. तिथली छोटी मूर्ती वरच्याचं नाव सांगते. शार्त्रच्या कॅथेड्रलच्या उत्तर दारावर जुन्या करारातला अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला निघालाय आणि त्याच्या पायाखाली झुडपात अडकलेला एडका आहे, जो शेवटी इसहाकाच्या जागी जातो. बलाम या संदेष्ट्याच्या पायाखाली त्याची गाढवी. आमिअँच्या कॅथेड्रलच्या मधल्या खांबावरचा ख्रिस्त सिंह आणि अजगरावर उभा आहे, ते एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातून आलंय.

अब्राहाम ख्रिस्ती चर्चच्या दारात का, हा प्रश्न रास्त आहे. मध्ययुगीन धर्मपंडितांच्या मते जुन्या करारातली प्रत्येक मोठी घटना नव्या कराराची आगाऊ सावली होती. इसहाक म्हणजे क्रूसावरचा ख्रिस्त. योना तीन दिवस माशाच्या पोटात, ख्रिस्त तीन दिवस थडग्यात. मलकीसदेक या याजक-राजाची भाकरी आणि द्राक्षारस म्हणजे पुढचा प्रभुभोजनाचा विधी. हा विचार वेझलेच्या चर्चमधल्या एका स्तंभशीर्षावर फार नेमका उतरलाय. डावीकडचा माणूस पोत्यातून धान्य जात्यात ओततोय, उजवीकडचा वाकून खाली पीठ पोत्यात भरून घेतोय. ओतणारा मोशे, भरून घेणारा पौल. धान्य म्हणजे नियमशास्त्र, पीठ म्हणजे शुभवर्तमान, आणि दळणारं चाक ख्रिस्त. त्या चाकाच्या आऱ्यांचा क्रूस झालाय, तोही निरखून पाहिलं तरच दिसतो. खांब बारीक, जागा हातभर, आणि विषय हा.

महिने, राशी आणि एक चुकलेली जागा

कमानींत किंवा जोत्यावर बारा राशी आणि त्यांच्या जोडीला शेतकामं असतात. फेब्रुवारीत शेकोटीपुढे बसलेला म्हातारा, मार्चमध्ये द्राक्षवेलीची छाटणी, जूनमध्ये गवतकापणी, जुलैत गहू, ऑगस्टमध्ये मळणी, सप्टेंबरात द्राक्षं, हिवाळा तोंडावर आला की डुक्कर मारणं. राशी म्हणून ज्योतिष समजू नये. काळही देवाचा आणि घामही देवाच्या हिशेबात, एवढाच अर्थ. प्रदेशानुसार कामं पुढेमागे सरकतात. इटलीत पीक लवकर येतं, म्हणून तिथली कापणी फ्रान्सच्या आधीच्या महिन्यावर दिसू शकते.

शार्त्रच्या पश्चिमेच्या राजद्वारात (११४५ ते ११५५ च्या सुमारास) राशी डाव्या दाराच्या कमानीत आहेत. मोजायला गेलं तर दहाच भरतात. मीन आणि मिथुन उजव्या दाराच्या कमानीत, जिथे त्यांचं काहीच काम नाही. तिथे व्याकरण, संगीत, तर्क अशा सात विद्या बसल्यात. व्याकरणबाईच्या हातात छडी आहे आणि पायाशी दोन पोरं, त्यातलं एक दुसऱ्याचे केस ओढतंय. डाव्या कमानीत जागा पुरली नाही, म्हणून दोन दगड इकडे आले. असे दगड कार्यशाळेत जमिनीवर कोरून मग वर चढवले जात आणि लांबी-रुंदीचा हिशेब चुकला की शिल्प छाटलं जाई किंवा दुसरीकडे बसवलं जाई. म्हणून विचित्र जागी विचित्र मूर्ती दिसली की लगेच गूढ अर्थ शोधू नये. जोड कुठून गेलाय ते आधी पाहावं. दोन आकृत्यांच्या मधून सरळ गेला असेल तर दगड खाली कोरलाय. चेहऱ्यातून किंवा हातातून गेला असेल तर बहुधा बसवल्यानंतर कोरलाय.

भारताचे दोन धागे

वेझलेच्या आतल्या दाराच्या टिंपॅनमवर (११२० ते ११३०) ख्रिस्ताच्या बोटांतून किरण निघून प्रेषितांवर पडताहेत, आणि भोवतीच्या चौकटींत व लिंटेलवर ज्यांच्यापर्यंत धर्म पोचवायचा ती जगाच्या टोकाची माणसं आहेत. त्यांत कुत्र्याच्या तोंडाचे लोक आहेत, घोड्यावर चढायला शिडी लावणारे बुटके आहेत, आणि एक कुटुंब आहे ज्यांचे कान शिंपल्यासारखे अंगभर मोठे. ही मंडळी ग्रीक लेखकांच्या भारतवर्णनांतून लॅटिन ग्रंथांत गेली. कुत्रमुखे क्तेसियसने सांगितलेले, कानात झोपणारे लोक मेगास्थेनिसने. मेगास्थेनिसला ते इथेच कुणीतरी सांगितलं असणार, कारण महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ लोक येतात. म्हणजे कान पांघरणारे. बर्गंडीतल्या दगडावर महाभारतातली जमात बसलीय, हे फारसं कुणी सांगत नाही.

दुसरा धागा थोमाचा. बर्गंडीतच सेम्यूर-आँ-ओक्स्वा इथल्या चर्चच्या उत्तर दारावर तेराव्या शतकातली थोमाची भारतकथा कोरलीय. राजा गोंडोफारस महाल बांधायला पैसे देतो, थोमा ते गरिबांना वाटतो आणि म्हणतो, तुझा महाल स्वर्गात बांधलाय. थोमाच्या हातातला गुण्या याच कथेतला. गोंडोफारस खरा राजा होता, वायव्य भारतात त्याची नाणी सापडलीत.

हे वाचत कोण होतं?

‘चर्चचं शिल्प म्हणजे निरक्षरांचं बायबल’ हे वाक्य सगळीकडे असतं. मूळ आहे पोप ग्रेगरी यांच्या ६०० सालच्या आसपासच्या पत्रात. मार्सेच्या बिशपने चर्चमधल्या प्रतिमा फोडल्या होत्या, तेव्हा त्यांनी त्याला कळवलं की ज्यांना वाचता येत नाही ते भिंतींवर बघून शिकतात. पण ओतंच्या दारावर लॅटिन यमकबद्ध ओळी आहेत. ऐहिक मोहात अडकलेल्यांना ही भीती घाबरवो, अशा अर्थाच्या. दक्षिण फ्रान्समधल्या काँकच्या मठाच्या न्यायदारावर तर प्रत्येक पट्टीवर लेख आहे. निरक्षरांसाठी इतकं लॅटिन कशाला? शिल्प एकट्याने शिकवत नव्हतं. प्रवचन करणारा समोर उभा राहून दाखवायचा, आणि जात्यासारखे विषय मुळात मठातल्या शिकलेल्यांसाठीच होते. भीती मात्र सगळ्यांना कळायची. काँकमध्ये नरकात घोड्यावरून खाली पडणारा सरदार आहे, खोटी नाणी पाडणारा आहे, आणि ससा शिकाऱ्याला सळईवर भाजतोय. वरच्या कमानीच्या कडेवरून काही चेहरे कापडाचा काठ धरून चोरून खाली बघताहेत, त्यांच्यासाठी मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं.

सगळ्या आकृत्यांना अर्थ असतोच असं मानू नका. ११२५ च्या सुमारास क्लेर्व्होच्या मठाचे प्रमुख बर्नार्ड मठांच्या ओवऱ्यांतल्या माकडांवर, अर्धमानवांवर, एका डोक्याच्या अनेक धडांवर चिडले होते. भिक्षू पुस्तक सोडून दगड वाचत बसतील, आणि मूर्खपणाची लाज नसेल तर निदान खर्चाची तरी असावी, असा त्यांचा सूर होता. त्या आकृत्या कशासाठी हे बर्नार्ड यांनाही कळलं नव्हतं.

काही अर्थ कळले की सुंदर शिल्प कडू लागतं. स्ट्रासबुर्गच्या दक्षिण दारावर तेराव्या शतकातल्या दोन स्त्रिया आहेत. मुकुट घातलेली ताठ उभी, ती ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च. दुसरी मान झुकवलेली, डोळ्यांवर पट्टी, मोडका भाला, हातातून निसटत चाललेल्या नियमशास्त्राच्या पाट्या. ती यहुदी धर्म. दुसरी शिल्प म्हणून अधिक देखणी आहे आणि तिचा हेतू यहुद्यांना आंधळं ठरवण्याचाच आहे. दोन्ही मूळ पुतळे आता शेजारच्या संग्रहालयात आहेत, दारावर प्रती.

जे दिसतं ते कितपत जुनं?

ही शिल्पं रंगीत होती. काँकमध्ये निळ्या-तांबड्याच्या खुणा उघड्या डोळ्यांनी दिसतात. आमिअँच्या दारांवरची काजळी १९९० च्या दशकात लेझरने काढली तेव्हा खालून रंग निघाले. ती काळी पुटं म्हणजे नुसती धूळ नव्हे. धुरातला गंधक ओल्या चुनखडीशी मिळून जिप्सम बनतं, त्यात काजळी अडकते. पाऊस लागतो तिथलं धुपून जातं, आडोशाच्या चुण्यांत आणि डोळ्यांच्या खोबणीत साठतं, मग पापुद्रा फुगून निघतो आणि नाकाचा शेंडा घेऊन पडतो. घासून साफ केलं तर छिन्नीच्या खुणाही जातात. म्हणून गुळगुळीत, एकसारखा स्वच्छ चेहरा दिसला की शंका घ्यावी.

मोडतोड बहुतेक वेळा मुद्दाम झाली, आणि दरवेळी शत्रूंनी नाही. १७६६ मध्ये ओतंच्याच धर्मगुरूंना हा टिंपॅनम गावंढळ वाटला. त्यांनी तो गिलाव्याखाली बुजवला. ख्रिस्ताचं डोकं गिलाव्यातून पुढे येत होतं, ते काढून टाकलं. गिलाव्यानेच बाकीचं वाचवलं. १८३७ मध्ये तो निघाला, डोकं परत जागेवर बसायला १९४८ उजाडलं. पॅरिसच्या नोत्र-दामच्या न्यायदाराचा मधला खांब आणि टिंपॅनमचा खालचा भाग १७७१ मध्ये कापला गेला, मिरवणुकीचं छत्र आत जाईना म्हणून. आज तिथे एकोणिसाव्या शतकातली भरणी आहे. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी वरच्या ओळीतल्या २८ राजांची डोकी उडवली. ते जुन्या करारातल्या यहुदा राज्याचे राजे होते, लोकांना फ्रान्सचे वाटले. १९७७ मध्ये त्यांतली २१ डोकी एका बांधकामात सापडली, आता क्ल्यूनी संग्रहालयात आहेत. नोत्र-दामच्या गच्चीवरचे प्रसिद्ध राक्षसही एकोणिसाव्या शतकातले. पावसाचं पाणी टाकणाऱ्या पन्हाळी वेगळ्या, त्यांना गार्गॉयल म्हणायचं.

ओतंच्याच उत्तर दाराची लिंटेल १७६६ मध्ये निघाली. १८५६ मध्ये एक घर पाडताना भिंतीत तिचा सुमारे १.३ मीटर लांबीचा तुकडा सापडला. त्यात हव्वा आडवी, कोपरावर टेकून, पाण्यात पोहावी तशी. एक हात गालाशी, जणू कुणाशी कुजबुजतेय, दुसरा मागे जाऊन न बघता फळ खुडतोय. झाड वाकवणारा नखांचा पंजा कडेला उरलाय. संग्रहालयात तिच्यासमोर उभे राहणारे तिच्या विलक्षण पवित्र्यावर बोलतात. पवित्रा दगडाच्या आकाराने ठरवला. लिंटेल लांब आणि अरुंद, तीत उभी बाई मावत नाही. आणि ती कुजबुजतेय ती लिंटेलच्या दुसऱ्या निम्म्यावरच्या आदामाशी. तो हरवलाय. तिच्या वरच्या टिंपॅनमवर लाजराला मेलेल्यांतून उठवण्याचा प्रसंग होता. खाली मरण जगात आलं ती घटका, वर मरण उलटल्याची, आणि मधून यात्रेकरू लाजराच्या थडग्याकडे आत जायचे.

जाणार असाल तर पश्चिमेची दारं दुपारनंतर बघा. ऊन तिरकं पडलं की उथळ कोरीव काम उठून दिसतं, सकाळी ते सपाट आणि सावलीत असतं. दुर्बीण न्या, साधी आठ पटीची पुरते. वरच्या मूर्तींची डोकी मोठी आणि पुढे झुकलेली असतात, कारण ती खालून बघण्यासाठी केलीत. संग्रहालयात तीच डोळ्यांच्या पातळीवर ठेवली की बेढब दिसतात, तेव्हा थोडं खाली वाकून वर बघावं.